राखाडी नाना

आयुष्यात एक धड प्रिंट हातून निघालेली नाही, पण प्रिंट का बिघडते हे आपल्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही, अशी ज्याची पक्की खात्री, असा एक माणूस गावोगावी असतो. नाशिकच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्यात तो पहिल्या मजल्यावर राहायचा. सगळा वाडा त्याला नाना म्हणायचा. नोकरी ऑडिटची. दुसऱ्याच्या हिशेबातली चूक शोधायची आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा, एवढ्यावर साध्या माणसाचं समाधान व्हावं. नानांचं होत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर शोधायला स्वतःच्याही काही चुका हव्यात, म्हणून त्यांनी फोटोग्राफी धरली होती.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. लग्नामुंजीत रंगीत फोटो दिसू लागले होते, पण हौशी माणूस घरच्या घरी धुणार ते कृष्णधवलच. नानांच्या प्रिंट्सची कळा मात्र वेगळी. काळं म्हणावं असं त्यांत काही नसे, आणि पांढरं म्हणावं असंही काही नसे. कोट राखाडी, भिंत राखाडी, भिंतीवर पडलेलं ऊन राखाडी आणि त्या उन्हात डोळे बारीक करून उभ्या असलेल्या आत्याबाईही राखाडी. वैशाखात झालेल्या एका मुंजीचे फोटो त्यांनी काढले, तर ते बघून मुंबईचे नातेवाईक विचारू लागले, "पाऊस बराच लागला का हो त्या दिवशी?"

पण कळस झाला काळाराम मंदिराच्या फोटोत. मंदिर काळ्या दगडाचं, आतली मूर्ती काळी, नावातच काळा. नानांनी सकाळच्या उन्हात तो फोटो घेतला, रात्री प्रिंट केली आणि दुसऱ्या दिवशी चौकात आणली. चौकात बसलेल्या एका आजोबांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग हात लांब करून धरली आणि म्हणाले, "गोराराम छान आलाय." नाशकात गोरारामाचंही देऊळ आहे, त्यामुळे ही चेष्टा होती की खरोखरची समजूत, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसरा कुणी असता तर कॅमेरा विकून मोकळा झाला असता. नाना खूश होऊन वर गेले. त्यांना एक नवं लक्षण सापडलं होतं.

त्यांच्याकडे लक्षणांची एक वही होती. डाव्या पानावर लक्षण, उजव्या पानावर कारण, आणि कारणाखाली ऑडिटच्या सवयीनं लाल शाईची रेघ. चांगली प्रिंट आली तर काय लिहायचं, याला वहीत रकाना नव्हता.

डार्करूम होती जिन्याखालच्या खोलीत. पूर्वी तिथं कोळसा ठेवायचे. नानांच्या बायको, म्हणजे माई, यावरून एक टोमणा वरचेवर मारत. "याच खोलीतून रोज टोपलीभर काळं निघायचं. यांना चिमूटभर सापडेना." माईंनी मदतीला यावं म्हणून नानांनी पुष्कळ प्रयत्न केले. नाशिकचा माणूस फोटोग्राफीवर बोलू लागला की दादासाहेब फाळके यायचेच. त्र्यंबकेश्वरला जन्मले, नाशकात वारले, मधल्या काळात भारतीय सिनेमा सुरू केला. नाना सांगत, "अहो, सरस्वतीबाई फाळक्यांनी रात्र रात्र अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, औषधं कालवली. तेव्हा कुठं १९१३ साली राजा हरिश्चंद्र झाला." माई म्हणत, "त्यांच्या यजमानांनी निदान काहीतरी दिसेल असं काढलं." मग मदतनीस म्हणून माझी नेमणूक झाली. काम एकच, गजराचं घड्याळ धरून सेकंद मोजायचे.

नानांनी शोधलेली कारणं खोटी असत, असं कुणी समजू नये. गंमत तीच आहे. त्यांचं प्रत्येक कारण खरं असायचं.

पहिलं मोठं कारण डेव्हलपरचं, म्हणजे कागदावर चित्र उमटवणाऱ्या औषधाचं. तयार पाकिटं मिळत, पण ती वापरणं नानांना कमीपणाचं वाटे. कोडॅकचा डी-७२ हा फॉर्म्युला ते सराफ बाजारातून मागून आणलेल्या तराजूवर घरीच जमवत. लिटरभराला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट साडेसदुसष्ट आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅमच्या आसपास. चिमूटभर सल्फाइट आधी, मग मेटॉल, मग बाकीचं सल्फाइट, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळत नाही. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं आणि रामरक्षेइतकं अस्खलित यायचं. फक्त कार्बोनेटच्या जागी ते किराणा दुकानातला धुण्याचा सोडा घालत. आता, फॉर्म्युल्यातला सोडा कोरडा असतो आणि धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. साडेसदुसष्ट ग्रॅमचं काम करायला ते खडे एकशेऐंशीच्या वर लागतात. नाना घालत होते साडेसदुसष्टच, आणि तेही सोनाराच्या तराजूवर, गुंजेचा फरक न पडू देता. अल्कली कमी पडलं की डेव्हलपर रेंगाळतो आणि कागद राखाडीच्या पुढं जायला नाही म्हणतो. हे कोडं त्यांना एका केमिस्ट्रीच्या प्राध्यापकानं उलगडून सांगितलं. त्या रात्री नानांनी वहीत तीन वेळा लाल रेघ मारली आणि वाड्यात पेढे वाटले. सोडा बदलला. पुढची प्रिंट राखाडी आली.

मग थंडीचं कारण आलं. नाशिकची डिसेंबरातली पहाट ज्यानं अनुभवली आहे त्याला सांगायला नको. रामकुंडावर अंघोळ करणाऱ्यांची पुण्याई वेगळी, पण डेव्हलपर त्या तपमानाला काम करत नाही. त्याला २० अंश सेल्सियस लागतं. डेव्हलपरात मेटॉल आणि हायड्रोक्विनोन असे दोन कामकरी असतात. मेटॉल थंडीतही थोडंफार काम करतं, पण ते नुसतं मवाळ, करडं चित्र उभं करतं. गडद काळं भरायचं ते हायड्रोक्विनोननं, आणि ते बारा-तेरा अंशांच्या खाली जवळपास बसूनच राहतं, सरकारी कचेरीतल्या मोठ्या साहेबासारखं. नानांनी थर्मामीटर आणला, ट्रेखाली गरम पाण्याचं घमेलं ठेवलं, माईंचा बंब डार्करूमच्या दारात ओढला. डेव्हलपर वीस अंशांवर आला. प्रिंट राखाडी आली.

लाल दिव्याचं प्रकरण तर महिनोन् महिने चाललं. सेफलाइट विकत घ्यायचा तर पैसे पडत, म्हणून नानांनी झिरोचा बल्ब घेऊन त्याला लाल रंग फासला होता. झिरोचा बल्ब म्हणजे शून्य उजेड, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. प्रत्यक्षात तो बारा-पंधरा वॅट वीज खातो, आणि होल्डरपाशी जिथं ब्रश पोचत नाही तिथून पांढरा उजेड आढ्यावर सांडत असतो. ब्रोमाइड कागदाला लाल उजेड दिसत नाही, निळा झटकन दिसतो, आणि पांढऱ्यात निळा असतोच. असा उजेड कागदावर पडत राहिला तर आधी मळतात ते चित्रातले पांढरे भाग. धुतलेलं धोतर, बाळाचं झबलं, आकाशातला ढग. ही तपासायची युक्ती जुनी आहे. कोऱ्या कागदावर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली पाच-सात मिनिटं सोडायचं, मग डेव्हलप करायचं. नाण्याचा गोल उमटला तर दिवा दोषी. नानांचा गोल उमटला नाही. पण नाना मागे हटणारे नव्हते, आणि इथं त्यांना दाद दिली पाहिजे. त्यांना ठाऊक होतं, की कागद अगदी कोरा असेल तर थोडा उजेड तो पचवून टाकतो. आधी एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, त्याला पुसट करडा होईल इतका उजेड द्यावा, मग नाणं ठेवावं, म्हणजे चोर सापडतो. तसं केलं, आणि लख्ख गोल उमटला. ते नाणं माझ्याकडून घेतलं होतं. पुरावा म्हणून ते वहीत चिकटवलं गेलं, त्यामुळे परत मिळालं नाही.

बल्ब बदलला. प्रिंट थोडी स्वच्छ राखाडी आली.

बाकीची कारणं भराभर सांगतो. एन्लार्जरच्या लेन्सवर पावसाळ्यात बुरशी आली होती, तिच्यामुळे उजेड फाकत होता, ती पुसली. भिंती पांढऱ्या होत्या, त्या गेरूनं रंगवल्या. संध्याकाळी वाड्यामागची पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज दहा टक्के पडलं की बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो, हा हिशेब नानांनी गिरणीवाल्याला पीठ गळत असताना उभ्या उभ्या समजावला आणि आठवड्याचं दळणाचं वेळापत्रक मागितलं. त्यानं दिलंही. वाड्यात नानांना कुणी नाही म्हणत नसे. इतक्या मनापासून दुःखी आणि इतक्या आनंदात असलेला माणूस दुसरा नव्हता.

निगेटिव्ह पातळ असेल तर चढ्या नंबरचा, म्हणजे हार्ड कागद घ्यावा, हेही त्यांना माहीत होतं. त्या काळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू कागद हौशी लोकांच्या आवाक्यातला होता, आणि मवाळ निगेटिव्हला हार्ड, भडक निगेटिव्हला सॉफ्ट हे सूत्र प्रत्येक दुकानदार सांगायचा. पण नाना कागद बदलत, त्याच रात्री डेव्हलपरही बदलत, आणि हात लागलाच आहे तर बल्बही. दुसऱ्या दिवशी फरक पडला तर तो कशानं, नाही पडला तर कशानं, हे सांगायला ब्रह्मदेवही असमर्थ. ऑफिसात एका व्हाउचरला एकच शेरा लिहिणारा हा माणूस घरी असं का करायचा, ते कळत नसे. आता थोडं कळतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या की संशयित तीन राहतात, आणि तपास चालू राहतो.

हे नाना संपले, असंही कुणी मानू नये. हल्ली ते पुण्यात आयटी कंपनीत असतात. शनिवारी रात्री न्हाणीघर अडवून बसतात, वॉशिंग मशीनवर एन्लार्जर ठेवतात आणि घरच्यांना शेजारी अंघोळीला पाठवतात. आता नंबरनंबरचे वेगळे कागद घ्यावे लागत नाहीत. इल्फर्डनं १९४० साली आणलेल्या मल्टिग्रेडचे वंशज वापरले की एकाच कागदावर पिवळा फिल्टर लावून मवाळ आणि किरमिजी लावून भडक चित्र मिळतं. शून्य-शून्यपासून पाचपर्यंत फिल्टर असतात. या कागदाला हिरवाही उजेड दिसतो, म्हणून जुना पिवळसर सेफलाइट त्याला चालेलच असं नाही. टायमर सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजतो. वहीऐवजी स्प्रेडशीट आहे, आणि लाल रेघेऐवजी लाल चौकट. प्रिंटचा रंग विचाराल तर तो बदललेला नाही.

कारण सगळं बदललं तरी हात तोच आहे. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण घड्याळ माझ्याकडे होतं. कागद डेव्हलपरमध्ये पूर्ण दोन मिनिटं ठेवायचा असतो. ती दोन मिनिटं मी कधी मोजून पुरी केलेली नव्हती. कागद आत गेला की पंधरा-वीस सेकंदांत चित्र उगवू लागायचं. लाल उजेडात प्रिंट असते त्याहून गडद दिसते, हे नानांच्या वहीतही कुठंतरी असणारच, पण समोर चित्र काळवंडताना दिसलं की त्यांच्या काळजाचा ठोका चुके. "गेली! गेली! काळी पडली!" असं ओरडून ते चिमट्यानं प्रिंट ओढून काढत आणि स्टॉप बाथमध्ये बुडवत. मी तेव्हा फार तर तिसावर असायचो. हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधातून, निघाल्यावर पांढरा दिवा लावला की प्रिंट फिकट दिसायची. मग नाना म्हणत, "उजेड कमी पडला. एक्स्पोजर वाढव." वाढवलं की पुढची प्रिंट आणखी लवकर काळवंडू लागे, आणि नाना ती आणखी लवकर ओढत. असं करत करत दहा सेकंदांचं एक्स्पोजर चाळिसावर गेलं होतं आणि दोन मिनिटांचं डेव्हलपिंग वीस सेकंदांवर आलं होतं. जास्त उजेडानं पांढरा भाग मळायचा, आणि कमी वेळानं काळा भाग पिकायचाच नाही. उरलं ते राखाडी. मी एकदा हे सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "तू मोजत राहा."

शेवटी मेन रोडवरच्या एका स्टुडिओतले दादा आले. पासपोर्ट फोटो धुण्यात त्यांची हयात गेली होती. बोटं डेव्हलपरनं पिवळी, बोलणं बेताचं. नानांनी त्यांना वही वाचायला दिली. दादांनी ती मिटून ठेवली आणि म्हणाले, "लाल दिवा बंद करा. कागदाचं पाकीट इकडं द्या."

मिट्ट अंधारात त्यांनी एका कागदाचे दोन तुकडे केले. एक पाकिटात परत गेला. दुसरा तसाच डेव्हलपरमध्ये, मी दोनदा साठ मोजेपर्यंत, मग हायपोत. त्यानंतर त्यांनी पाकिटातला तुकडा काढून पाकीट बंद केलं, पांढरा दिवा लावला, तो तुकडा उजेडात धरला आणि तोही पूर्ण दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवला. नानांचा हात ट्रेकडे जाऊ लागला तो दादांनी मनगटाला धरून मागे ठेवला. दोन्ही तुकडे पाण्यातून काढून त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एक दुधासारखा पांढरा, एक डांबरासारखा काळा. काजळी नाही, झाक नाही, राखाडीचा लवलेश नाही.

दादा म्हणाले, "कागद बरा आहे. डेव्हलपर बरा आहे. आता उरलं काय?"

नानांनी बराच विचार केला. "लेन्स," ते म्हणाले.

दादांनी मग दुसरं काही न बोलता चिमटा माझ्या हाती दिला आणि नानांना दोन्ही हात पाठीमागे बांधून स्टुलावर बसायला सांगितलं. टेस्ट पट्टी केली. चार, आठ, बारा, सोळा सेकंद, प्रत्येकीला डेव्हलपिंग तेवढंच, दोन मिनिटं. आठ सेकंदांची पट्टी बरोबर निघाली. नाना चाळीस देत होते. त्याच निगेटिव्हची पूर्ण प्रिंट घालताना नाना स्टुलावर इतके कासावीस झाले की माईंना बोलवावं लागलं. माई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, बाळंतपण नाहीये ते." दीड मिनिटाला नाना डोळे मिटून बसले होते.

दिवा लागला. काळाराम काळा आला होता. शिखरावर ऊन होतं, आणि ते ऊन पांढरं होतं. दगडांचे सांधे मोजता येत होते. खांबांच्या आतला अंधार खोल होता आणि त्या अंधारातही कडा दिसत होत्या. आजोबांना बोलावून दाखवलं. त्यांनी प्रिंट ओलीच हातात घेतली, जवळ धरली, लांब धरली आणि काही न बोलता तिला नमस्कार केला.

दादा चहा पिऊन गेले. वाडा झोपला. नाना मात्र पायरीवर बसून होते आणि चेहरा पडलेला. मी विचारलं तर म्हणाले, "छान आली रे." एवढंच. काळा तुकडा त्यांनी खिशातल्या पाकिटात ठेवला, पुढं कितीतरी दिवस ते तो ऑफिसात दाखवत असत, पण त्या रात्री त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वही मिटलेली होती. माईंनी दोनदा हाक मारली तरी ते उठले नाहीत.

सकाळी त्यांच्या ओरडण्यानंच वाडा जागा झाला. प्रिंट दोरीवर चिमटा लावून वाळत घातली होती. वाळलेली प्रिंट ते दोन्ही हातांत धरून उभे होते आणि चेहरा असा उजळलेला की मला वाटलं बढती मिळाली. "बघ! बघ! उतरली!" खरंच, उतरली होती. किंचितच. ओल्या कागदावर जी चमक असते ती वाळल्यावर जाते, काळा थोडा मंदावतो, पांढरा किंचित खाली येतो. स्टुडिओत म्हणून प्रिंट दोरीवर वाळवत नसत. स्वच्छ काचेवर टाल्कम पावडर चोळून, ओली प्रिंट पालथी दाबून चिकटवत, आणि ती वाळून आपोआप सुटली की काचेसारखा गुळगुळीतपणा घेऊन येई. त्याला ग्लेझिंग म्हणतात. नानांना हे माहीत होतं. अर्थातच माहीत होतं. वही उघडली गेली, नवं पान, डाव्या बाजूला लक्षण, उजव्या बाजूला कारण, लाल रेघ.

"माई," त्यांनी आत हाक मारली, "तुमच्या कपाटाचा आरसा निघतो का?"

"निघतो की," आतून माईंचा आवाज आला. "आधी तुम्ही निघा."